आपल्या खाडीचे शिंपले

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघराचा सगळा कारभार वहिनींच्या हातात होता. खरं तर तिथे त्या कुणाच्याच वहिनी नव्हत्या. पण नोकरीच्या सुरुवातीला त्यांचा धाकटा दीर त्यांना न्यायला यायचा आणि फाटकातूनच "वहिनी" म्हणून हाक मारायचा. ती हाक हळूहळू सगळ्यांच्या तोंडी बसली. शेवटी त्यांच्या आईच्या वयाच्या आजीसुद्धा "वहिनी, आज मीठ कमी पडलं हो" म्हणू लागल्या.

स्वभाव मुळातच काळजीखोर. नवरा म्हणायचा, "हिला काळजी करायला काही सापडलं नाही, तर आज काहीच कसं सापडलं नाही याची काळजी लागते." पण जिथे जेवणारे सगळे म्हातारे, कुणाची किडनी थकलेली, कुणाचं हृदय नाजूक, तिथे असाच स्वभाव उपयोगी पडतो. धुतलेली पातेली वहिनी हुंगून बघत. फ्रीजरचं दार नीट लागलेलं नसलं तर त्याच्या घरघरीवरून त्यांना ते दुसऱ्या खोलीत कळे.

उन्हाळा तोंडावर आला होता तेव्हाची ही गोष्ट. आश्रमात आठवड्यातून एकदा शिंपल्यांचं सूप व्हायचं. शिंपले परदेशातून यायचे, सोललेले, गोठवलेले, खोक्यांत भरलेले. मऊ असल्यामुळे दात नसलेल्यांनाही चालायचे. एका दुपारी सूप झालं आणि संध्याकाळपर्यंत तिघांना उलट्या सुरू झाल्या. दोघं सकाळी चहा मागण्याइतके बरे झाले. तिसरे मास्तर. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेले, आता आश्रमात सगळ्यांच्या चुका काढणारे. त्यांना मात्र दवाखान्यात ठेवावं लागलं.

सूप तर सगळ्यांनीच प्यायलं होतं. डॉक्टर म्हणाले, शिंपल्यांमुळे असेल, पोटाच्या साथीमुळे असेल, दुसऱ्या कशामुळेही असेल. आता नक्की सांगता येणार नाही. पण डॉक्टरांनी हात वर केले की सांगणाऱ्यांना कुठे तोटा असतो? दोन दिवसांत आश्रमाचा एकमुखी निकाल लागला. परदेशी शिंपले बाधले.

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. खोकी त्यांनीच उघडली होती, सूप त्यांच्याच देखरेखीखाली शिजलं होतं. मास्तर आश्रमात परत येईपर्यंत त्यांना धड घास गेला नाही. रोज दवाखान्यात फोन लावायच्या आणि पलीकडून कुणी उचलेपर्यंत टेबलाची कड घट्ट धरून उभ्या राहायच्या.

मग समितीची बैठक झाली. अध्यक्ष छापखान्याचे मालक होते; यंत्रांच्या आवाजावर बोलायची सवय असल्यामुळे कानात सांगायची गोष्टही ते मैदानात सांगितल्यासारखी सांगायचे. माणूस मनाचा चांगला, पण एकदा पटलं की पटलं. त्यांनी वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून दाखवली. बाहेरून आलेल्या मासळीची बरीच खोकी यंदा बंदरावर अडवून परत पाठवली होती. "आणि आपल्या खाडीतल्या मालाची एक तरी तक्रार ऐकलीत?" त्यांनी विचारलं. कुणीच ऐकली नव्हती. "म्हणजे तिकडचा माल धोक्याचा, आपला निर्धोक. दोन अधिक दोन चार." सगळ्यांनी माना डोलावल्या. ठरलं असं, की वर्धापनदिनाच्या जेवणापासून सूप खाडीच्या ताज्या शिंपल्यांचं. स्वयंपाकघराच्या प्रमुख म्हणून वहिनींनी देशी माल सुरक्षित असल्याचं मत लेखी द्यायचं.

आणि खाडीत शिंपल्यांची शेती कुणाची, तर वहिनींच्या त्याच धाकट्या दिराची. त्यानं पाण्यावर तराफे बांधले होते, तराफ्यांना दोर सोडले होते आणि दोरांना काळ्या शिंपल्यांचे घोसच्या घोस लगडले होते. अध्यक्षांना वाटलं, आपण वहिनींवर उपकारच केला.

घरी आनंदीआनंद. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा दीर अर्ध्या चड्डीत होता. त्याला अभ्यासाला बसवण्यापासून त्याचं लग्न जमवण्यापर्यंत सगळं त्यांनीच केलं. धाकटी जाऊ आता गरोदर होती, महिने भरत आलेले, आणि तिला डोहाळे लागले होते नेमके शिंपल्यांचेच. सगळं कसं जुळून आलं होतं. वहिनींनी फक्त सही करायची होती.

पण पेन पुढे सरकेना. अध्यक्षांच्या बोलण्यात काहीतरी खटकत होतं आणि काय ते चिमटीत सापडत नव्हतं. दाताला अडकलेल्या सालीसारखं ते त्यांना दिवसभर छळत राहिलं.

सापडलं ते भलत्याच ठिकाणी. आश्रमाच्या पुढच्या फाटकावर पहारेकरी बसायचा. मधुमेहाच्या म्हाताऱ्यांसाठी नातेवाईक पिशवीत लपवून मिठाई आणत, आणि तो ती बरोबर पकडायचा. त्या दिवशी एका सुनेला त्यानं असंच पकडलं आणि वहिनींना ऐटीत सांगितलं, "पुढच्या दारानं येणारी माणसं लबाड. मागच्या दारानं आजवर एकही मिठाई आली नाही बघा."

वहिनींना हसू आलं. मागचं दार स्वयंपाकघराशेजारी होतं. तिथे कुणी बसतच नव्हतं, आणि अर्ध्या आश्रमाची मिठाई तिथूनच येते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मग एकदम त्यांचं हसू विरलं. बंदर म्हणजे पुढचं दार. आणि खाडी?

दुसऱ्या दिवशी त्यांनी बंदरावरच्या प्रयोगशाळेत फोन केला. तिथल्या तपासनीस बाई कामाच्या घाईत होत्या, पण प्रश्न ऐकल्यावर त्यांनी खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला. त्यांनी सांगितलं, की परत पाठवलेल्या खोक्यांपैकी काहींवर नुसती लेबलं चुकीची होती. काही मात्र खरोखर नासलेली होती. प्रत्येक खोकं काही उघडून बघत नाहीत, त्यामुळे आत गेलेलं सगळं चांगलंच असतं अशी हमी त्या देणार नाहीत. आणि खाडीचं विचाराल तर तिथला नमुना कित्येक दिवसांत त्यांच्याकडे आलेलाच नव्हता. नमुने आणणारी होडी मोडून पडली होती.

"तुमच्या खाडीबद्दल आमच्याकडे वाईट काही नाही," त्या म्हणाल्या, "कारण तुमच्या खाडीबद्दल आमच्याकडे काहीच नाही."

जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तिनं वहिनींची झोप उडवली. पाणी तापलं की समुद्रात कधी कधी एक बारीक शेवाळ वाढतं. शिंपले ते खातात आणि त्यातलं विष त्यांच्या मांसात साठत जातं. शिंपला बघायला टवटवीत असतो. त्याला वास येत नाही, चव बदलत नाही, आणि कितीही उकळलं तरी ते विष जात नाही. ओठांना मुंग्या येतात तेव्हाच माणसाला कळतं, आणि कधी कधी तेव्हा उशीर झालेला असतो.

वहिनींनी फोन ठेवला. हुंगून कळणार नाही, चाखून कळणार नाही. मग आयुष्यभर आपण जे शिकलो त्याचा उपयोग काय? लगेच दुसरी भीती उभी राहिली. खाडीवर शंका घेऊन आपण पुन्हा परदेशी खोक्यांकडे वळलो, आणि मास्तरांना खरंच त्यांनीच बाधलं असलं तर? अध्यक्षांचं बोलणं लंगडं होतं, पण लंगडा माणूसही कधी कधी बरोबर घरी पोचतो. आड आणि विहीर दोन्ही समोर. शेवटी त्यांनी ठरवलं, तपासायचं तर दोन्ही तपासायचं. फ्रीजरमधलं एक खोकं, आणि खाडीची एक पिशवी.

पिशवी मागायला त्या दिराकडे गेल्या. तो तराफ्याचे दोर ओढत होता. आधी त्याला गंमत वाटली, मग हातातला दोर त्यानं सोडून दिला.

"वहिनी, तू माझे शिंपले तपासायला नेणार?"

"तुमचे नाही भाऊजी. खाडीचं पाणी."

"खाडी काय नि मी काय! मी त्याच पाण्यात उभा असतो. माझी बायको रोज खाते. तुला माझ्यापेक्षा त्या परक्या खोक्यांचा भरवसा वाटतो?"

शेवाळाच्या विषाचं, निकाल येईपर्यंत जावेला देऊ नका, खोकीही नेते आहे, असं सगळं त्या सांगत होत्या, पण ते ऐकण्याच्या पलीकडे तो गेला होता. शेजारच्या तराफ्यावरचा त्याचा सोबती, त्याला सगळे खेकडा म्हणत, कारण तो कधी सरळ बोलायचा नाही, तिथूनच म्हणाला, "घरचीच माणसं नाव ठेवायला लागली तर दुष्मन कशाला हवा?" दिरानं पिशवी भरली, तोंड बांधलं आणि वहिनींच्या हातात न देता काठावर ठेवून दिली.

निकाल वर्धापनदिनाच्या आधी यायचा होता. आला नाही. त्या दिवशी सकाळीच दिराच्या टोपल्या आश्रमात येऊन पोचल्या. निळसर काळे, ओले, घट्ट मिटलेले शिंपले. बघताच जीव जडावा असे. हॉलमध्ये पाहुणे जमत होते. मदतनीस बायकांनी मोठं पातेलं चढवलं होतं. आणि वहिनी टोपल्यांसमोर उभ्या होत्या, हात पदराला पुसत. हात कोरडेच होते तरी पुसत.

त्यांनी टोपल्या थंडगार खोलीत ठेवायला लावल्या आणि दाराला कुलूप घातलं. मका आणि गाजरं काढायला सांगितली.

अध्यक्ष तरातरा स्वयंपाकघरात आले. त्यांनी पाहुण्यांना खाडीच्या ताज्या सुपाचं वचन दिलं होतं. वहिनींनी सांगून टाकलं, की निकाल आल्याशिवाय हे शिंपले शिजणार नाहीत. अध्यक्षांनी बातमीची आठवण करून दिली. आपल्या मालाची कधी तक्रार नाही, हेही पुन्हा सांगितलं.

"साहेब, आपल्या मालाकडे कधी कुणी बघितलंच नाही," वहिनी म्हणाल्या. "मला मत लिहायला सांगितलं होतंत ना? मला माहीत नाही, हे माझं मत आहे. आणि मला माहीत नसलेलं मी या माणसांच्या ताटात वाढणार नाही."

पाहुण्यांपुढे मक्याचं सूप गेलं. अध्यक्ष जेवले नाहीत. दवाखान्यातून परतलेले, अंगरखा खांद्यावरून घसरणारे मास्तर सूप ढवळत म्हणाले, "एकदा शिंपल्यांनी मारलं, आता वहिनी मक्यानं मारणार." टेबलावर हशा पिकला, पण वहिनींना तो सुईसारखा टोचला. आपण उगाच तमाशा तर केला नाही ना? दिराचा माल अडवला, अध्यक्षांचा अपमान केला, आणि उद्या दोन्ही नमुने स्वच्छ निघाले तर?

फोन दुपारी आला. परदेशी खोकं स्वच्छ होतं. खाडीच्या शिंपल्यांत ते विष सापडलं होतं, पण धोक्याच्या मर्यादेच्या खाली. तपासनीस बाई म्हणाल्या, की आजच्या हिशेबानं माल विकायला हरकत नाही. मात्र पाणी तापत चाललं आहे, एका नमुन्यावरून पुढचं सांगता येत नाही. लवकरच दुसरा आणा.

धड हो नाही, धड नाही नाही. अध्यक्षांनी "मर्यादेच्या खाली" एवढंच ऐकलं आणि विजयी मुद्रेनं निघून गेले. वहिनी मात्र तशाच उठून दिराच्या घरी गेल्या.

धाकटी जाऊ जेवायला बसली होती. समोर ताटलीत वाफाळते शिंपले. वहिनींनी उंबऱ्यातूनच सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता, एक न वाढवता. दीर म्हणाला, "खालीच आहे ना? मग झालं तर." पण तो बायकोच्या ताटलीकडे बघत होता.

जावेनं विचारलं, "ताई, तुम्ही माझ्या जागी असता तर खाल्ले असते?"

"पूर्वी खाल्ले असते," वहिनी म्हणाल्या. "आज मला कळलंय. आज नसते खाल्ले."

जावेनं ताटली पुढे सरकवली. मग दिरानं ताटली उचलली, मागच्या अंगणात जाऊन डब्यात उपडी केली आणि हात धुतले. आत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. गेले कित्येक दिवस तो स्वतःच्या हातानं बायकोला ते खाऊ घालत होता. त्याला आता कसली शंका खात होती, ते सांगायची गरज नव्हती. वहिनींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं आश्रमातल्या टोपल्या परत नेल्या आणि माल विकणं थांबवलं. कुणी सांगितलं नव्हतं, कायद्यानं गरजही नव्हती. खेकडा मात्र विकत राहिला आणि गिऱ्हाइकांना सांगत राहिला, की शेजाऱ्याच्या मालात विष निघालंय, माझ्यात काही निघालेलं नाही. ते खोटंही नव्हतं. त्यानं तपासलंच कुठे होतं? दिराची नेहमीची गिऱ्हाइकं एकेक करून त्याच्या तराफ्याकडे वळली.

ते दिवस वहिनींना फार जड गेले. जाऊ जरा कुठे "कसंसंच होतंय" म्हणाली की यांच्या काळजात धस्स व्हायचं. घरी कुणी ओठ पुसले तरी त्या निरखून बघायच्या. नवऱ्यानं एकदा नुसता गाल खाजवला तर विचारलं, "मुंग्या येतायत का?" तो बिचारा आठवडाभर शिंपल्यांच्या वाऱ्यालाही उभा राहिला नव्हता.

दुसरा नमुना दीर स्वतः घेऊन गेला. आकडा मर्यादेच्या कितीतरी वर गेला होता. त्याच संध्याकाळी खाडी बंद झाली, काठावर लाल अक्षरांची पाटी लागली, खेकड्याचाही धंदा बसला. सुदैवानं कुणाला काही झालं नाही, निदान झाल्याचं कळलं नाही. आणि गंमत अशी, की तेच लोकांनी दिराला ऐकवलं. कुणाला काही झालं नाही, मग एवढा बोभाटा कशाला केला? खेकडा त्याच्याकडे पाठ फिरवून जाऊ लागला. चहाच्या टपरीवर तो बसला की बाक रिकामा व्हायचा.

आश्रमाच्या पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी घसा साफ केला. वहिनींना वाटलं, आता हे कबूल करतील. अध्यक्षांनी कबूल केलं खरं, पण भलतंच. "मी चुकलो," ते म्हणाले. "देशी मालात विष सापडलं, परदेशी खोक्यात सापडलं नाही. तेव्हा यापुढे कायम परदेशीच. आणि वहिनींच्या दिराचं नाव पुरवठादारांतून काढून टाका." सगळ्यांनी पुन्हा माना डोलावल्या, त्याच माना, तितक्याच जोरात.

 वहिनी बैठकीत कधी बोलत नसत, पण आज उठल्या. जे मनात साचलं होतं ते ओबडधोबड बाहेर पडलं. एक खोकं चांगलं निघालं म्हणून सगळी खोकी चांगली कशी? आणि खाडीत सापडलं, कारण पहिल्यांदाच कुणी शोधलं. जो शोधेल त्याच्याकडेच सापडणार.

"ज्यानं स्वतः तपासलं, स्वतः विकणं थांबवलं, त्यालाच तुम्ही काढताय," त्या म्हणाल्या. "उद्यापासून कुठला शहाणा माणूस तपासायला जाईल?"

"मग तुमचं म्हणणं काय? देशी की परदेशी?" अध्यक्षांनी विचारलं. "एक काय ते सांगा."

"कुठल्या पाण्यातलं, कधी काढलेलं, वाटेत थंड राहिलं का, आणि कुणी तपासलं."

"हे उत्तर नाही. हे प्रश्न झाले."

"हो," वहिनी म्हणाल्या आणि बसल्या. 

मास्तर आश्रमवासीयांच्या वतीनं बैठकीला बसले होते. त्यांनी चष्मा पुसला. वहिनींची बाजू ते घेतील अशी कुणाची अपेक्षा नव्हती. शिंपल्यांनीच आपल्याला लोळवलं, हे त्यांचं ठाम मत होतं, आणि ते अजूनही बदललं नव्हतं. पण ते म्हणाले, "माझ्या वर्गात अध्यक्षांना दोन्ही वेळा शून्य मिळालं असतं. रीत एकच चुकली, फक्त उत्तर उलटं आलं." अध्यक्ष लाल झाले, मग स्वतःच हसले. नाव काढायचा विषय तिथेच राहिला. माल कुठलाही असो, तपासणीचा ताजा कागद असेल तरच घ्यायचा, असं ठरलं. अध्यक्षांनी ते कुरकुरत लिहून घेतलं.

जावेला मुलगी झाली, गुटगुटीत आणि रडकी. ऊन उतरलं, पाणी निवळलं, लागोपाठचे नमुने स्वच्छ आले आणि काठावरची पाटी निघाली. दीर आता दर आठवड्याला मोटरसायकलवर पिशवी बांधून प्रयोगशाळेत जाऊ लागला. वाटेत आश्रमापाशी थांबून वहिनींच्या हातचा चहा घ्यायचा आणि पेट्रोल किती जळतं ते ऐकवायचा. गिऱ्हाइकं सगळी परत आली नव्हती; काही कधीच येणार नव्हती.

एका सकाळी तो आला तेव्हा मोटरसायकलला दोन पिशव्या होत्या. दुसरी कुणाची, असं वहिनींनी विचारलं.

"खेकड्याची," तो म्हणाला. "बोलला काही नाही. होडीतून उतरताना माझ्या सीटवर ठेवली आणि चालता झाला."

वहिनींनी दोन्ही पिशव्यांची तोंडं ओढून बघितली, घट्ट होती. दीर निघून गेला. मागच्या दाराशी परदेशी खोक्यांची गाडी येऊन थांबली होती. चालक म्हणाला, वाटेत गाडी बराच वेळ अडकून पडली होती. वहिनींच्या कपाळावर आठी चढली. चहाचा कप तसाच ठेवून त्या पहिलं खोकं उघडायला निघाल्या.